बर्णबा म्हणजेच बरब्बा का? भाच्याचं नाव ठेवायचंय आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात

कुंडलिकाकाठची_आत्या (जालना)

जय ख्रिस्त मंडळी. प्रश्न घरगुती आहे पण इथं शास्त्र जाणणारे लोक आहेत म्हणून विचारायलेय. माझ्या भावाला मुलगा झाला, मृग निघाला त्याच आठवड्यात, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा हे तर सगळ्यांना माहितीये, पाळणा कुणाच्याही घरातला असो कानात कुर्र करायला आत्याच लागते. तर मी आधीपासून ठरवूनच ठेवलं होतं की मुलगा झाला तर आमच्या पणजोबांचं नाव ठेवायचं, बर्णबा. पणजोबा बेथेलचे, म्हणजे जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती लोकांसाठी जे गाव वसवलं तिथले, जन्मभर शेती केली, मंडळीत म्हणजे चर्चमध्ये वडील (कारभारी पंच) होते, जुनी माणसं अजून त्यांचं नाव काढतात. भाऊ लगेच हो म्हणला.

पण भावाच्या सासूबाई, बीडच्या, त्यांनी नाव ऐकलं आणि कपाळालाच हात लावला. अगं बाई ते तर त्या दरोडेखोराचं नाव, रोमी सुभेदार पिलातानं ज्याला सोडून दिला आणि येशूला वधस्तंभावर पाठवलं तो, लेकराला चोराचं नाव ठेवता का. मी म्हटलं मावशी तो बरब्बा, हा बर्णबा, माणसं वेगळी आहेत. तर म्हणतात माणसं असतील वेगळी, एका अक्षरानं काय होतंय, नावाचं मूळ तर तेच असणार. आता वहिनीच्या डोक्यात पण तेच बसलंय, धड जेवत नाहीये, आणि भाऊ म्हणायलाय की इथान ठेव आणि मिटव.

तर मला सांगा ह्या दोन नावांचं मूळ खरंच एक आहे का? आणि बर्णबाचा नेमका अर्थ काय? बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत बोधपुत्र दिलंय तेवढं माहितीये पण बोधपुत्र म्हणजे तरी काय हे आमच्याकडं कुणाला सांगता येईना. अजून एक, पणजोबांच्या शाळेचा दाखला निजामाच्या काळातला, उर्दूत, त्यावर बरनबास आहे, मंडळीच्या रजिस्टरात बर्णबा, आणि गावातली माणसं त्यांना बारनबा म्हणायची. यातलं बरोबर कोणतं?

मोसंबीवाला (अंबड)

ताई कामून टेन्शन घेता. मी काय ख्रिश्चन नाही, मला तर बारनबा वाचून वाटलं कुठलं तरी दैवत असंल, खंडोबा म्हसोबा बिरोबाच्या लायनीतलं. आमच्या गल्लीत ग्यानबा आहेत, विठोबा आहेत, त्यात एक बारनबा आरामात खपून जाईल. हा शेवटचा बा आमच्यातलाच आहे का पण? जाणकारांनी सांगावं, मी खुर्ची टाकून बसलोय.

छावणीकर_मास्तर (छत्रपती संभाजीनगर)

मूळ एक नाही. अर्धं एक आहे, आणि त्या अर्ध्यामुळंच सगळा घोळ होतो.

येशूच्या काळात त्या मुलखात घरोघरी बोलायची भाषा अरामी. अरामीत बर म्हणजे मुलगा, हिब्रूत त्यालाच बेन म्हणतात, बेन्यामीनमधला बेन तो. बर लावून अमक्याचा मुलगा असं म्हणायची तिकडं पद्धतच होती, आपण मधलं नाव बापाचं लावतो त्यातलाच प्रकार. नवा करार उघडून बघा. बर्थलमय म्हणजे तलमयाचा मुलगा. यरीहोच्या रस्त्यावर भीक मागत बसलेला आंधळा बार्तीमय म्हणजे तीमयाचा मुलगा, मार्कनं तर त्याच्या शुभवर्तमानात तिथल्या तिथं फोड करूनच दिलीय. पेत्राला येशू शिमोन बार्योना म्हणतो, योनाचा मुलगा. कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात योसेफ बर्सबा आहे, यहूदाच्या जागी कुणाला घ्यायचं म्हणून चिठ्ठ्या टाकल्या त्यात ज्याची चिठ्ठी निघाली नाही तो. आणि तेराव्या अध्यायात एक जादूगार येतो त्याचं नाव तर बर्येशू, येशूचा मुलगा, कारण येशू हे नाव तेव्हा त्या लोकांत चारचौघांचं असायचं. आता पुढं बर आहे म्हणून हे सगळे एकाच माळेचे म्हणायचे का? मग बारा शिष्यांतला बर्थलमय पण दरोडेखोरच झाला की.

बरब्बा हा बर आणि अब्बा. अब्बा म्हणजे बाप, गेथशेमानेत प्रार्थना करताना येशूच्या तोंडी आला तोच शब्द. बापाचा मुलगा, बस. म्हणजे त्याच्या नावात पण वाईट काही नाही, वाईट होतं ते काम. मार्क सांगतो की दंग्यात खून केलेल्या बंडखोरांबरोबर तो कैदेत होता, योहान त्याला लुटारू म्हणतो. मत्तयाच्या काही जुन्या हस्तलिखितांत तर त्याचं नाव येशू बरब्बा असं सापडतं, आणि तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाचा मोठा पंडित होऊन गेला त्याला हे वाचून खटकलं होतं की असल्या माणसाला येशू नाव कसं काय. बीडच्या मावशींना सांगा की तुमचा आणि ओरिजेनचा स्वभाव जुळतो.

बर्णबा हा बर आणि नबा. अब्बाचा इथं काही संबंध नाही. आणि मोसंबीवाले भाऊ, शेवटचा बा आपला नाही बरं का. ग्यानबातला बा मानाचा, हे नाव तोडायचं तर बर-नबा असं तोडायचं. पण कानाला आपलं वाटतं हे मात्र शंभर टक्के, म्हणूनच आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडात ते बसलं असणार असा माझा आपला अंदाज.

आता माणूस कोण ते ऐका. ह्याचं जन्मनाव योसेफ. लेवी घराण्यातला, म्हणजे देवळाची सेवा करणाऱ्या वंशातला, कुप्र बेटावरचा, आज ज्याला सायप्रस म्हणतात. बर्णबा हे नाव आईबापानं ठेवलेलंच नाही, प्रेषितांनी त्याचा गुण बघून दिलं. कृत्यांत पहिल्यांदा येतो तोच शेत विकून, पैसे आणून प्रेषितांच्या पायाशी ठेवतो. पण मला विचाराल तर शेत विकणं ही मोठी गोष्ट नाही, मोठी गोष्ट पुढं आहे. शौल, म्हणजे नंतरचा पौल, हा विश्वासणाऱ्यांना घराघरातून ओढून तुरुंगात टाकणारा माणूस. दिमिष्काच्या वाटेवर तो पालटला आणि यरुशलेमात आला तर शिष्य त्याला जवळ येऊ देईनात, ह्याचा काय भरवसा म्हणून. आणि बरोबरच होतं त्यांचं, आपण तरी येऊ दिलं असतं का? तेव्हा त्याला सोबत घेऊन प्रेषितांपुढं उभा राहिला तो बर्णबा. पुढं सिरियातल्या अंत्युखिया शहरात काम वाढलं, एकट्याला झेपेना, तर हा उठला आणि तार्सला जाऊन पौलाला हुडकून घेऊन आला. वर्षभर दोघांनी तिथं शिकवलं, आणि शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा त्या अंत्युखियातच पडलं. म्हणजे आपण जे नाव लावतो ते ज्या मंडळीत निघालं ती मंडळी वाढवण्यात ह्याचा मोठा हात.

आणि एक बारीक गोष्ट, सुरुवातीला लूक, म्हणजे कृत्यांचं पुस्तक लिहिणारा, बर्णबा आणि शौल असं लिहितो, बर्णबा आधी. पुढं पुढं पौल आणि बर्णबा होत जातं. ज्याला हाताला धरून आणलं तो पुढं गेला आणि ह्यानं कुठं तोंड वाकडं केल्याचं दिसत नाही. लेकराला याच्यापेक्षा बरं नाव कुठलं पाहिजे.

उदगीरची_सून

मास्तर सगळं खरं पण तुम्ही अर्धंच सांगूलालाव. हाच बर्णबा पौलासंगं कडाकडा भांडून वेगळा झाला ते कोण सांगणार? आणि गलतीच्या पत्रात पौल स्वतः म्हणतो की बर्णबा पण त्यांच्या ढोंगात वाहवत गेला, ते पण आहेच ना शास्त्रात.

आणि ताई, राग मानू नका, पण नका ठेवू हे नाव. अर्थ चांगला आहे कबूल. पण पोरगं इंग्लिश मिडियमला जाणार, चौथीपाचवीत गेलं की पोरं त्याला बार म्हणून हाक मारणार, मग बिअर बार, परमिट रूम, सगळं होणार बगा. माझ्या दिराचं नाव हबक्कूक ठेवलं होतं सासऱ्यांनी, मोठ्या हौसेनं, संदेष्ट्याचं नाव म्हणून. सगळी शाळा त्याला हबक म्हणायची, मागून जाऊन दचकवायची आणि विचारायची की हबकला का. शेवटी दहावीचा फॉर्म भरायच्या आधी त्यानं स्वतः रडून भांडून नाव बदलून घेतलं, आता विशाल आहे. आपल्यात मधलं नाव बापाचं लागतं, नाहीतर वसईवाल्यांसारखं पणजोबांचं नाव मधी टाकून मोकळं झालं असतं.

मूळचा_परभणीचा (सध्या पुणे)

मास्तरांनी बर सांगितला, नबाचं जरा मी सांगतो, कारण खरी गुंतागुंत तिथं आहे.

लूक ग्रीकमध्ये लिहितो आणि म्हणतो की ह्या नावाचा अर्थ पराक्लेसिसचा मुलगा. ह्या एका ग्रीक शब्दात धीर देणं, समजूत घालणं, आग्रहानं सांगणं, सांत्वन करणं एवढं सगळं बसतं. मराठी बायबलनं त्यातला सांगणं हा पदर उचलला म्हणून बोधपुत्र. जुन्या इंग्रजीत सांत्वनाचा पुत्र आहे, नव्या इंग्रजी भाषांतरांत उत्तेजनाचा. मराठीत बोध म्हटलं की आपल्याला व्यासपीठावरून उपदेश झोडणारा कुणी तरी डोळ्यापुढं येतो, नाहीतर शेजारपाजारच्यांना बौद्ध नाव वाटतं, आणि मूळ माणूस तसा नव्हता. त्याच धातूपासून पराक्लेतोस होतो, योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी येतो तो, आणि तिथं आपल्या बायबलात काय शब्द आहे? कैवारी. मला विचाराल तर बर्णबाचा अर्थ त्या अंगानं घ्यावा, दुसऱ्याचा कैवार घेणारा. पौलाच्या बाबतीत त्यानं तेच केलं.

आता अडचण. अरामीत नबा ह्या अक्षरांतून धीर किंवा बोध असा अर्थ सरळ निघत नाही. लूकनं दिलेला अर्थ आणि नावातली अक्षरं यांचा मेळ कसा घालायचा यावर अभ्यासकांची जुनी घासाघीस आहे. सगळ्यात जवळचा शब्द नबी, संदेष्टा. मराठवाड्यात नबी कुणाला समजावून सांगायची गरज नाही, हिब्रू, अरामी, अरबी ह्या बहिणी बहिणी, शब्द तोच. म्हणजे संदेष्ट्याचा पुत्र किंवा संदेश सांगणारा. आणि कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीतले संदेष्टे आणि शिक्षक म्हणून जी नावं दिलीत त्यात पहिलंच नाव बर्णबा. मग पराक्लेसिस कुठून आलं? तर पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्रात चौदाव्या अध्यायात सांगतो की जो संदेश देतो तो माणसांना उभारी, धीर आणि सांत्वन देतो, आणि तिथं धीराला ग्रीक शब्द पराक्लेसिसच आहे. म्हणजे संदेष्ट्याचं कामच धीर द्यायचं, लूकनं अक्षराला अक्षर न लावता कामाचं नाव सांगितलं असं धरलं तर दोन्ही जुळतात. मला हे पटतं.

तिसरं एक मत आहे, जर्मन अभ्यासक अडॉल्फ डाइसमान यांचं, की हे नाव नबो ह्या बाबेलच्या देवावरून आलं, नबुखद्नेस्सरमधला नबो. लेवी घरातल्या माणसाला प्रेषित उठून बाबेलच्या देवाचं नाव देतील हे मला काही पचत नाही, पण मत आहे. हे बीडला कळवू नका, एका दरोडेखोराचंच अजून मिटलेलं नाही.

रोशनगेटवाला

एक विचारू का, भांडायचं नाही, खरंच विचारतोय. आमचे वालिदसाहेब म्हणायचे की बर्नबासची इंजील म्हणून एक किताब आहे आणि चर्चनं ती बाजूला टाकली. ते बर्नबास हेच का?

आणि ताई तुमच्या दाखल्याचं मी सांगतो, ते अजिबात चुकलेलं नाही. उर्दू बायबलमध्ये पतरस, पौलुस, मरकुस, बरनबास असंच येतं, शेवटी सीन म्हणजे स हे अक्षर असतंच. ज्यानं दाखला लिहिला त्यानं त्याच्या भाषेतलं बरोबर नाव लिहिलं. वरून उर्दूत जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, सहसा लिहीत नाहीत, त्यामुळं तीच अक्षरं कुणी बिरनबास पण वाचू शकतो. शाळेतनं ते बरनबास ऐकून आलेल्या पोरांनी गावात बारनबा केलं असेल तर नवल नाही.

मूळचा_परभणीचा (सध्या पुणे)

रोशनगेटवाले भाई, चांगलं विचारलंत, कारण ह्या नावावर दोन वेगळी पुस्तकं आहेत आणि लोक दोन्ही एकच समजतात. एक आहे बर्णबाचं पत्र, ते खरंच फार जुनं, चौथ्या शतकातलं सिनाईचं जे प्रसिद्ध हस्तलिखित आहे त्यात नव्या कराराच्या पाठोपाठ ते लिहिलेलं आहे. पण ते पत्र ह्याच बर्णबानं लिहिलं असं अभ्यासक मानत नाहीत, पत्रात लिहिणाऱ्याचं नावच नाही. दुसरं तुम्ही म्हणता ते शुभवर्तमान. त्याचं इटालियन भाषेतलं हस्तलिखित व्हिएन्नात आहे, सोळाव्या शतकाच्या आसपासचं. त्यात योबेल वर्ष, म्हणजे ठरावीक वर्षांनी येणारं सुटकेचं पवित्र वर्ष, शंभर वर्षांनी येतं असं लिहिलंय, आता लेवीय पुस्तकात तर योबेल पन्नास वर्षांनी आहे, शंभराचं फर्मान पोप बोनिफास आठवे यांनी १३०० साली काढलं. म्हणजे ज्यानं लिहिलं त्याला ते फर्मान माहिती होतं. असल्या खुणांवरून ते पुस्तक येशूच्या काळातलं नाही असं म्हणतात. वालिदसाहेबांनी ऐकलं ते खोटं नाही, पुस्तक आहेच, फक्त आपल्या बर्णबाचं नाही.

घोगरगावचा_पाव्हणा

आमच्या कॅथलिकांत संत बर्नबाचा सण ११ जूनला असतो. ताई तुम्ही म्हणता बाळ मृगाच्या आठवड्यात झालं, मृग सात-आठ जूनला निघतो, म्हणजे सणाच्या आगेमागेच की हो. आमच्याकडं पूर्वी लेकरू ज्या संताच्या दिवशी जन्मलं त्याचंच नाव ठेवून मोकळे व्हायचे, चर्चचं कॅलेंडर बघायचं, वाद नाही काही नाही. पेरणीचे दिवस, तिफण शेतात आणि घरात सण, असं आमचं जूनचं गणित.

इंग्लंडात तर जुन्या कॅलेंडरात हा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस धरायचे, त्यावर त्यांचं गाणं पण आहे, मग १७५२ ला त्यांनी कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गाळले आणि ते सगळं हुकलं. कुप्रात मात्र हा बेटाचाच संत. सलामीसला त्याची कबर आहे, पाचव्या शतकात ती सापडली तेव्हा त्याच्या छातीवर मत्तयाचं शुभवर्तमान ठेवलेलं होतं अशी परंपरा सांगतात. तेव्हा अंत्युखियावाले म्हणत होते की कुप्रचं चर्च आमच्या हाताखाली आलं पाहिजे, तर कुप्रवाल्यांनी ही कबर पुढं केली की आमचं चर्च थेट प्रेषितानं लावलेलं आहे, आणि सम्राट झेनोकडून स्वतंत्रपणा घेतला. तिथले आर्चबिशप आजही लाल शाईनं सही करतात, तो मान त्या वेळेपासूनचा असं ते मानतात. जमिनीच्या कज्ज्यात जुना कागद सापडावा तसं झालं ते.

परतूरकर

मध्येच विचारतो, लेव्यांना तर वतन नव्हतं ना? बायबलातल्या गणना पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात स्पष्ट आहे की अहरोनाच्या घराला देशात वतन नाही, लेव्यांना पण नाही. मग ह्यानं शेत विकलं कुठलं? सातबारा कुणाच्या नावावर होता?

छावणीकर_मास्तर (छत्रपती संभाजीनगर)

परतूरकर, मराठवाड्याच्या माणसाला शेवटी सातबाराच दिसणार. वतन नव्हतं म्हणजे वंशाला वाटणीत मुलूख नव्हता, एकेका माणसानं जमीन घेऊच नये असं पुढं राहिलेलं नव्हतं. यिर्मया संदेष्टा तर याजकाच्या घरातला, त्यानं अनाथोथचं शेत चुलतभावाकडून पैसे मोजून, खरेदीखत करून, साक्षीदार उभे करून घेतलं, अख्खा व्यवहार बत्तिसाव्या अध्यायात आहे. आणि बर्णबाचं शेत कुप्रात होतं की यहूदीयात हे लूक सांगतच नाही.

उदगीरच्या ताई, भांडण झालं ते मी लपवत नव्हतो, उलट मला तर नाव ठेवायला तेच कारण जास्त आवडतं. भांडण कशावरून झालं बघा. पहिल्या प्रवासात मार्क, तरुण पोरगं, पंफुल्यातून अर्ध्यावर सोडून घरी पळून आला. दुसऱ्या प्रवासाला निघताना बर्णबा म्हणाला त्याला परत घेऊ, पौल म्हणाला जो एकदा टाकून गेला त्याला मी नेणार नाही. तापले दोघं. पौल सीलाला घेऊन एकीकडं गेला, बर्णबा मार्कला घेऊन कुप्राकडं. मार्क त्याचा नातलग होता, कलस्सैच्या पत्रात तसं आहे, त्यामुळं तुम्ही म्हणाल आपल्याच माणसाची बाजू घेतली, असेलही. पण पौलाची बाजू घेतली तेव्हा तो कोण लागत होता? ज्याच्यावर कुणाचा भरवसा नाही त्याच्यासाठी ह्या माणसाचा जीव तुटतो, तेव्हा शौल, आता मार्क. आणि पुढं काय झालं, तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात म्हातारा पौल तुरुंगातून लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. दुसरं शुभवर्तमान ज्याच्या नावानं आहे तो हाच मार्क अशी मंडळीची परंपरा आहे. बर्णबानं त्याला तेव्हा टाकून दिलं असतं तर?

ढोंगाचं म्हणाल तर अंत्युखियात यरुशलेमची माणसं आली म्हणून परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्यांच्या, पंगतीतून पेत्र उठला आणि त्याच्या मागोमाग बर्णबा पण. ते वाईटच झालं, त्याला मी पांघरूण घालणार नाही. भिडेपोटी केलं असावं, धीर देणारा माणूस भिडस्त पण असतो बऱ्याचदा. पण मग पेत्र नाव तरी कशाला ठेवता पोरांची.

उदगीरची_सून

मार्काचं तुम्ही बरं सांगितलाव मास्तर, ते मला ह्या अंगानं कुणी सांगितलं नव्हतं. पण बार म्हणून चिडवणार ते चिडवणारच.

मोसंबीवाला (अंबड)

चिडवू द्या की. माझं नाव बबन आहे, मी मेलो का.

बीडची_लेक

मी ती वहिनी. नणंदबाईंनी ही चर्चा त्यांच्या भावाला पाठवली आणि ह्यांनी मला दाखवली. पहिलं म्हणजे जेवण वगैरे मी सोडलं नव्हतं, बाळंतिणीला सकाळसंध्याकाळ डिंकाचे लाडू आणि खीर आणि शेपूची भाजी भरवल्यावर जेवण जातं का? उगाच आपलं कुठंही काहीही लिहायचं.

आईला सगळं वाचून दाखवलं, ओरिजेनचं तेवढं गाळलं. मार्काचं ऐकून ती गप्प बसली, मग म्हणाली की चोर नाही हे कळलं पण उपासनेत बाप्तिस्म्याच्या वेळी नाव पुकारलं की निम्म्या बाया माझ्यासारखंच म्हणणार. मी म्हटलं म्हणू दे, तू आहेस ना समजावून सांगायला. त्यावर ती जरा खुलली, आता तिकडं मावशीला फोनवर बर म्हणजे मुलगा असं शिकवायलीय.

तर मला बर्णबा चालेल. पण घरात मी त्याला बोधी म्हणणार, ते कुणी अडवायचं नाही, पणजोबांच्या नातींनी पण नाही. फक्त जन्मदाखल्याचं सांगा कुणी तरी. इंग्रजीत शेवटी एस लावायचा का? मराठीत ण लिहायचा का न? आणि किती दिवसांत नाव द्यावं लागतं, का दवाखान्यातून घाई करायलेत.

मूळचा_परभणीचा (सध्या पुणे)

अभिनंदन. एस हा ग्रीक व्याकरणाचा आहे, पुरुषाच्या नावाला ग्रीकमध्ये शेवटी तो लागतो, पौलोस, पेत्रोस, बर्नबास. मराठी बायबलनं तो काढून टाकला, उर्दूनं ठेवला, इंग्रजीनं कुठं ठेवला कुठं टाकला पण ह्या नावात ठेवलाय. त्यामुळं पणजोबांची तिन्ही नावं बरोबर. इंग्रजीत एस लावा असं मी म्हणेन, उद्या पासपोर्ट, व्हिसा काही निघालं तर जगभर तेच स्पेलिंग ओळखतात. मराठीत मंडळीच्या रजिस्टरात आहे तोच ण ठेवा. मूळ अरामीत किंवा ग्रीकमध्ये ण हा उच्चारच नाही, कर्ण, वर्ण, पूर्ण ह्यांच्यासारखा र च्या पुढं न आला की आपल्याकडं त्याचा ण होतो, तसं भाषांतर करणाऱ्यांनी केलं. तेवढा एक ण म्हणजे नावातला मराठीचा वाटा, तो कशाला सोडता.

परतूरकर

जन्माची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे, ती दवाखान्यातूनच जाते, पण त्यात बाळाचं नाव लगेच दिलंच पाहिजे असं नाही. नाव नंतर टाकता येतं, नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत टाकलं तर फी नाही, त्यानंतर लेट फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. एकदा टाकलेलं नाव बदलायला मात्र लई हेलपाटे, म्हणून स्पेलिंग आईबाप दोघांनी कागदावर लिहून बघा, मगच द्या. आणि जन्मदाखल्यावर जे अक्षर, तेच आधारवर, तेच शाळेत. माझ्या दोन कागदांवर दोन नावं आहेत, पीकविम्याच्या वेळी दरवर्षी रडतो.

उदगीरची_सून

बोधी पण किती गोड आहे हो. तेच ठेवा की कागदावर, कशाला एस आणि ण.

कुंडलिकाकाठची_आत्या (जालना)

उदगीरच्या ताई, हात जोडते, मिटत आलेलं परत उकरू नका. रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांकडून बाप्तिस्म्याची तारीख घेतोय. आणि वहिनी, नातींनी पण नाही हे वाचलं बरं का मी.